ब्रिसलकोन पाइनच्या रानात अमावास्येची रात्र

ऑगस्टमधल्या अमावास्येला आम्ही दोघे कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्सवर, पॅट्रिआर्क ग्रोव्ह या राईमध्ये, झाडांसह आकाशगंगा टिपायला कॅमेरे घेऊन उभे होतो. उंची सुमारे ३,४०० मीटर, पायाखाली डोलोमाइट खडकाची पांढरट खडी आणि अंगाला पीळ पडलेली ब्रिसलकोन पाइनची झाडं. याच डोंगररांगेतलं ‘मेथुसेला’ नावाचं झाड ४,८०० वर्षांहून जुनं आहे. ते नेमकं कुठलं, हे वनखातं उघड करत नाही, आणि ते योग्यच आहे.

पहिला तास वाया गेला. हेडलॅम्प समोरून मारला की खोड पांढरंफटक आणि सपाट दिसतं. या झाडाचं सगळं रूप त्याच्या रेघांत आहे. लाकूड इतकं घट्ट आणि राळेनं भरलेलं, की ते सहसा कुजत नाही. वारा आणि बर्फ त्याला दगडासारखं झिजवतात. कित्येक खोडं जवळजवळ मेलेली, कडेला सालीची एक अरुंद पट्टी तेवढी जिवंत, आणि तिच्या जोरावर वर हिरव्या सुया. हे टिपायचं तर उजेड कडेनंच हवा. छोटा एलईडी दिवा अगदी मंद करून वीसेक पावलांवर स्टँडवर लावला, तेव्हा एकेक रेघ उमटली. कॅमेऱ्याचं सेटिंग: १६ एमएम लेन्स, एफ २.८, २० सेकंद, आयएसओ ३२००. अंधार पडताच आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला असतो, म्हणून त्या दिशेला फ्रेममध्ये येईल असं झाड दिवसाउजेडीच हेरून ठेवा.

बिग पाइन गावात पेट्रोलची टाकी भरा, पाणीही तिथूनच न्या; वर दोन्ही मिळत नाही. वाटेतल्या शुलमन ग्रोव्ह या राईपर्यंत डांबरी रस्ता आहे. पुढचे १९ किलोमीटर कच्चे, दगड धारदार. आमचा एक टायर तिथेच फाटला, म्हणून निघण्याआधीच स्टेपनीची हवा तपासा. हिवाळ्यात रस्ता बंद असतो. वर तंबू ठोकायला मनाई आहे. खाली ग्रँडव्ह्यू कॅम्पवर, साधारण २,६०० मीटरवर, आदली रात्र काढा. शरीराला उंचीची थोडी सवय होते, डोकं दुखण्याची शक्यता कमी होते. ऑगस्टमध्येही जाड जॅकेट लागतंच.

ट्रायपॉड लावताना मुळं बघा. ती उथळ असतात, काही तर उघडीच पडलेली. आणि फ्रेममध्ये आडवी येणारी वाळकी काटकीही हलवू नका. अशा मेलेल्या लाकडाच्या वलयांवरूनच कार्बन कालमापन, म्हणजे जुन्या अवशेषांचं वय कार्बनवरून काढण्याची पद्धत, पडताळून दुरुस्त केलं गेलं.