तुम्ही विचारलंत म्हणून: तुमचा मे महिना कोणाचा?

आमसुलं, आगळ (म्हणजे कोकमाचा खारवलेला रस) घ्यायला घरी येणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी पिशवी उचलता उचलता विचारतेच, "काकी, घरात बसान कायतरी करूक व्हया, काय करू?" मुंबईच्या पुतण्यांचाही फोनवर तोच प्रश्न, फक्त भाषा शहरी. मी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारते, "तुझा मे महिना तुला कोणासाठी हवाय?" बऱ्याच जणी यावर हिरमुसतात. त्यांना धंद्याचं नाव हवं असतं.

पण आमच्या कोकण किनाऱ्यावर धंद्याला नावाआधी महिना असतो. रातांब्याचंच, म्हणजे कोकमाच्या फळाचंच बघा. एप्रिल-मेत पिकतो आणि पावसाच्या आत उरकावा लागतो. फळ फोडायचं, बिया आणि गर वेगळा काढायचा, रसात मीठ घालून सालं त्यात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. काळंभोर आमसूल हवं तर ही पुटं चुकवता येत नाहीत. त्यात वळवाची सर आली की अंगणभर पसरलेलं सगळं उचलून पडवीत. आंबापोळी, फणसपोळीचीही घाई त्याच दिवसांत. आणि मुलांची सुट्टी, गावातली लग्नं, मुंबईकरांचा घरी मुक्काम, हेही मे महिन्यातच! "मुलांजवळ राहता यावं म्हणून नोकरी सोडली" असं सांगणारी आई कोकमाचं नाव काढते, तेव्हा मी तिला शाळेचं कॅलेंडर आणायला लावते. आई अंगणातच दिसेल मुलांना, पण तिचे हात दिवसभर मिठाच्या रसात असतील.

पैशाचंही तसंच. रातांबे, मीठ, बाटल्या, मजुरी सगळं मेमध्ये रोखीने जातं आणि विक्री होते वर्षभर, थोडीथोडी. ज्या घरात दर महिन्याला कर्जाचा हप्ता जातो तिथे ही तंगी सोसवत नाही. उलट पेन्शन चालू आहे, परसात चार झाडं आहेत, आपल्या हातचं काहीतरी लोकांच्या घरी जावं एवढीच हौस आहे, अशा जोडप्याला मी हेच सुचवते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे बाहेरचा माणूसही आता नाव घेऊन मागतो.

दर महिन्याला पैसे हवेत? मग डबे. कुडाळ, चिपळूण, रत्नागिरीत खोली घेऊन राहणारे बँकवाले, शिक्षक, विद्यार्थी असतात. महिना संपला की हिशोब हातात. मात्र पहाटे उठणं आलं आणि ताप आला तरी डबा जायलाच हवा. चतुर्थीला गिऱ्हाईकच आपापल्या गावी जातं, म्हणून तेवढी सुट्टी आपोआप मिळते. उकडीच्या मोदकांचं नेमकं उलटं. वर्षातली मोठी कमाई त्याच दिवसांत, आणि आपल्या गणपतीची आरती मोदक वळता वळता स्वयंपाकघरातून ऐकायची. काहींना ते चालतं. मला चालणार नाही.

घरात पाहुणे ठेवायची सध्या सगळ्यांनाच ओढ आहे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि आता किनाऱ्याच्या गावांत फिरलात तर दर दोन-चार घरांआड होमस्टेची पाटी दिसते. पैसा आहे यात. पण दिवाळी, नाताळ, मे, म्हणजे सगळ्यांच्या सुट्टीत तुमचं काम. जून-जुलैत मासेमारी बंद, किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या बंद, खोल्या रिकाम्या. यापेक्षाही मी विचारते ते दुसरंच: तुमच्या सासऱ्यांना सकाळी ओटीवर परका माणूस चहा पिताना चालेल का? ज्या घरात यावर कुजबूज सुरू होते तिथे पाटी लावू नये.

काही जणी अनुदानापासून सुरुवात करतात. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, 2020 साली ती आली तेव्हापासून, प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, असं ठेवलं होतं. मात्र ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. हप्ता तुमच्याच खात्यातून जाणार. दुपारी दोन तास मोकळी असलेल्या बाईने यंत्र आणलं की यंत्र तिला दिवसभर मागतं. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी मात्र खाण्याचं विकायचं तर छोट्या घरगुती कामालाही लागते. ती आधी करून घ्या.

मी स्वतः कोकम करते, कारण मुलं मोठी झाली, मेमध्ये घर भरलेलं असलं तरी मला अडवणारं कोणी नाही, आणि पाऊस लागला की मला लावणीला शेतात जायचं असतं. हा धंदा तेव्हा माझी वाट अडवत नाही, बाटल्या फळीवर उभ्या असतात.

आमच्या वाडीतली एक जण फक्त कुळथाचं पीठ करते. कुळीथ भाजायचे, भरडून टरफलं पाखडायची, दळून आणायचं, पिशव्या भरायच्या. सुकं काम, उन्हापावसाशी भांडण नाही, सासूबाईंना औषध द्यायची वेळ झाली की हातातलं टाकून उठता येतं. तिला मुलीच्या कॉलेजची फी आणि एसटीचा पास एवढंच यातून काढायचंय. बाजारातला दुकानदार दुप्पट माल दे म्हणून मागे लागलाय. ती दर वेळी म्हणते, "मुलगी पास होऊ दे, मग बघू."