चहावाचून डोकं दुखतं, म्हणजे व्यसन का?

मी व्यसनमुक्तीचं काम करते हे कळलं की लोक हमखास विचारतात, "ताई, सकाळचा चहा चुकला की माझं डोकं ठणकतं. हे व्यसनच ना?"

नाही. शरीराला कॅफिनची सवय झाली आहे, एवढंच. चहा एकदम सोडला तर एक-दोन दिवस डोकेदुखीचा जोर राहतो, आठवड्याभरात बहुतेकांची थांबते. हा फरक मी आग्रहाने सांगते, कारण तो चहापाशी गमतीचा वाटला तरी कर्करोगाच्या रुग्णापाशी गमतीचा राहत नाही. डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिलेलं असतं आणि घरचे 'बाबांना व्यसन लागेल' म्हणून डोस चुकवतात. बाबा रात्रभर कण्हत राहतात. काही आठवडे मॉर्फीन घेतलं की शरीर त्यावर विसंबतंच; पुढे गरज संपली तर डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. पण त्या गोळीपायी बाबा घरातले दागिने विकत नाहीत, खोटं बोलत नाहीत.

उलट जुगारात पोटात काहीच जात नाही, तरी ते पक्कं व्यसन. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं जुगाराला दारू-अफूच्या पंगतीत बसवलं ते २०१३ साली. कौटिल्यानं ते कधीच केलं होतं. अर्थशास्त्रात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे. शिकार जास्त वाईट की द्यूत, असा वाद चालतो. कौटिल्य म्हणतो, द्यूत. शिकारीत निदान व्यायाम होतो, चरबी झडते. त्याच चर्चेत तो कौणपदंत नावाच्या आधीच्या आचार्याचं म्हणणंही देतो: जुगारी रात्री दिवा लावून खेळतो, आई वारली तरी खेळतो, आणि अडचणीत असताना काही विचारलं तर चिडतो. आमच्या केस पेपरवर याहून नेमकं काही लिहिलं जात नाही. (त्याच ग्रंथात सरकारी द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतले शेकडा ५ कापून घेतो, ते सोडा.)

ऑनलाइन रमीत अडकलेला मुलगा घरचे घेऊन येतात, तेव्हा मला तोच जुगारी दिसतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली. तलफ मात्र पगार जमा झाल्याचा मेसेज वाजला तरी उठते. त्याला 'किती तास खेळतोस' हे मी सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते, उसने कुणाकुणाकडून घेतलेस, आणि त्यातलं घरी किती ठाऊक आहे?