आमची वाटचाल : ट्रॅक्टरच्या सायलेन्सरपासून जहाजाच्या एससीआरपर्यंत

आमचं शेड जळगाव एमआयडीसीत. जहाजाच्या इंजिनाचं काम करतो असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'आपला जळगावमा समुद्र कोठे शे रे भो?' समुद्र नाही, तापी आहे, ती सुरतेकडे समुद्राला मिळते, तेवढीच आमची ओळख.

अप्पा, म्हणजे वडील, ट्रॅक्टरचे न् डिझेल पंपाचे सायलेन्सर बनवायचे. मग जनरेटरचे एक्झॉस्ट पाइप आले, केळीच्या रायपनिंग चेंबरचं थोडं काम आलं, आणि एक दिवस मुंबईच्या एका पार्टीने ड्रॉइंग पाठवलं, ते एससीआरच्या, म्हणजे जहाजाच्या इंजिनाचा धूर साफ करणाऱ्या यंत्रणेच्या पेटीचं निघालं. त्यात इंजिनाच्या गरम धुरात युरियाचं पाणी फवारायचं, त्याचा अमोनिया होतो, आणि पुढे मधाच्या पोळ्यासारख्या कॅटलिस्टवर (उत्प्रेरकावर) धुरातल्या नॉक्सचं, म्हणजे नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडचं, नायट्रोजन न् पाणी होतं. कॅटलिस्ट पार्टीचा, पेटी-डक्ट-मिक्सर आमचं.

युरिया ऐकल्यावर रावेरचे नाना म्हणे, 'दोन गोण्या माझ्याकडनं ने!' नाना, तो नीमकोटेड, सबसिडीचा, शेतासाठीचा, तो इथे टाकला तर कॅटलिस्टची वाट लागेल आणि वर केस होईल ती वेगळी. जहाजाला शुद्ध युरियाचं ४० टक्क्यांचं सोल्युशन लागतं, ट्रक-बसमध्ये ३२.५ टक्क्यांचं असतं.

खरी शाळा सर्टिफिकेशनने घेतली. मला वाटलेलं पेटी तपासतील, कागद देतील, तो फ्रेम करून ऑफिसात लावू. तसं काही नसतं. ईआयएपीपी, म्हणजे हवेच्या प्रदूषणाबद्दलचं सर्टिफिकेट, इंजिनाचं असतं, आणि एससीआर त्या इंजिनाचाच भाग म्हणून धरतात. मारपोल म्हणजे जहाजांच्या प्रदूषणाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या सहाव्या परिशिष्टात १३० किलोवॅटच्या वरची इंजिनं येतात. नॉक्सच्या मर्यादेच्या पायऱ्यांना टियर म्हणतात. १८०० आरपीएमच्या इंजिनाला टियर २ मध्ये किलोवॅट-तासाला साधारण ७.८ ग्रॅम नॉक्स चालतो, टियर ३ मध्ये जेमतेम २. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला हा टियर ३ जानेवारी २०१६ पासूनच्या जहाजांना, बाल्टिक न् नॉर्थ सीत जानेवारी २०२१ पासूनच्या. लहान इंजिन असेल तर एससीआर जोडूनच टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन चालवून तपासायच्या जागी, घेतात, ती स्कीम ए. अवाढव्य इंजिनाला ते जमत नाही, तिथे स्कीम बी, इंजिन वेगळं न् एससीआर वेगळं तपासून हिशोब करतात.

आमचं ए मध्ये होतं. १००, ७५, ५० टक्के लोडला रीडिंग मस्त आले, २५ ला बोंब. सरासरीत २५ टक्क्यांचं वजन फक्त ०.१५ असतं म्हणून मी निवांत होतो, पण टियर ३ ला प्रत्येक पॉइंट वेगळाही बघतात, मर्यादेच्या दीडपटीच्या वर गेला की फेल. पाइप उघडला तर एल्बोच्या आत पांढरा चुनखडीसारखा थर, बोटाने खरवडला तरी निघेना. धूर पुरेसा गरम नाही, त्यात फवारा सरळ भिंतीवर बसत होता, त्यामुळे वाफ व्हायच्या आधीच युरिया तिथे चिकटला. बाहेर मे महिना, जळगावात पत्र्यावर पापड भाजेल एवढं ऊन, आणि आमचं भांडण धूर थंड आहे म्हणून! नोझल एल्बोपासून लांब सरळ पाइपात नेलं, मिक्सरच्या पात्यांचा कोन बदलला, लॅगिंग, म्हणजे पाइपावरचं उष्णता धरून ठेवणारं आवरण, वाढवलं, तेव्हा कुठे जमलं.

दुसरी चूक मात्र सगळी माझी. एक नोझल खराब झालं म्हणून तसंच, त्याच मापाचं, दुसरीकडनं आणून बसवलं. सर्टिफिकेटसाठी तपासणीला आलेल्या सर्व्हेयर साहेबांनी टॉर्च मारला, नंबर वाचला, टेक्निकल फाइल उघडली, आणि म्हणे हा पार्ट यात नाही. फवारा तसाच आहे हो साहेब, म्हटलं. ते शांतपणे म्हणे, असेल, पण टेस्ट याच्यावर झालेली नाही. नॉक्सवर परिणाम करणारा प्रत्येक पार्ट त्या फाइलीत नंबरासकट असतो, आणि पुढे जहाजावरसुद्धा फाइल समोर ठेवूनच तपासणी होते. चार दिवस काम थांबलं, पार्टीच्या शिव्या खाल्ल्या. राग आलेला, पण चूक त्यांची नव्हतीच.

आता आमच्याकडे नोझलचं कपाट कुलपात असतं. चावी अप्पांकडे. मी मागितली तरी आधी विचारतात, 'नंबर सांग.'