सांध्याखालची पालवी

केळशीकडच्या काकांचा फोन आला तेव्हा ते भलतेच खुशीत होते. "झाड वाचलं रे! मुळातनं फुटलंय. तू ये आणि चार काड्या घेऊन जा."

माझी लहानशी नर्सरी आहे, पावसाळ्यात दिवसभर कलमं बांधणं हेच काम. काकांचं झाड मला माहीत होतं. घराच्या पश्चिमेला म्हणून 'मावळतीचा'. फळ मुठीएवढं, साल जाड, रस दाट आणि रेषा अजिबात नाही. तसा आंबा मी दुसरीकडे खाल्लेला नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्याचा अर्धा डोलारा गोठ्यावर आला, आणि उरलेल्या अर्ध्यात भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, शिरली.

2022 च्या श्रावणात गेलो. बुंध्याच्या भोकांतून भुसा गळत होता. वर एकच फांदी हिरवी, तीही गोठ्याच्या कौलांवर वाकलेली. खाली मात्र सहा-सात फुटवे, अंगठ्याएवढे जाड, चकचकीत पानांचे. काकांनी त्यांना आळं केलं होतं, शेणखत घातलं होतं, गुरं तोंड घालतील म्हणून काट्याची कुंपणीसुद्धा केली होती. दोन वर्षं माणूस त्यांना जपत होता.

मी गुडघ्यावर बसून बुंध्यावरचं शेवाळ खरवडलं. आणि जे नको होतं तेच दिसलं. गुडघाभर उंचीवर बुंध्याला कडं घातल्यासारखा फुगवटा होता. त्याच्या खाली साल खरबरीत, भेगाळलेली. वर बारीक पोताची. म्हणजे हे झाड कोयीचं नव्हतं, जुनं भेट कलम होतं. आणि फुटवे सगळे सांध्याच्या खाली. 'मावळतीचा' वरच्या फांदीत होता, खाली फुटला होता तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते मूळ रोप, कोयीतून उगवलेला कुठलासा रायवळ.

खात्रीसाठी वरचं एक पान आणि खालचं एक पान चुरगाळून काकांच्या नाकाशी धरलं. वरच्याला कैरीचा वास, खालच्याला टर्पेंटाइनचा. त्यांनी दोनदा हुंगलं आणि काही न बोलता पडवीत जाऊन बसले.

धंद्याच्या सुरुवातीला मी स्वतः असाच फसलो होतो. एका घरी जुन्या कलमाच्या बुडातल्या काड्या आणून कलमं बांधून दिली. सहा वर्षांनी आंबे धरले, आंबट आणि नुसता चोथा. त्या घरचा माणूस चारचौघांत फक्त "तुमचा आंबा फार छान हो" म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता उरली ती वरची एक फांदी. कलमाला काडी लागते तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेली. आठ-दहा दिवस आधी पानं देठ ठेवून छाटली की डोळा भरतो. पण मरत्या झाडाच्या काड्या आखूड, कडक आणि पेन्सिलीहून बारीक. नुसत्या पाचर कलमावर, म्हणजे काडी तोडून, पाचरीसारखी तासून खुंटाच्या चिरेत बसवण्यावर, विसंबलो असतो तर हाती काही लागलं नसतं. म्हणून ठरवलं, थोडी जुन्या पद्धतीची भेट कलमंही बांधायची. त्यात काडी सांधा जुळेपर्यंत आईच्या अंगावरच राहते.

त्या दिवशी पानं छाटून आलो आणि नवव्या दिवशी पाच रोपांच्या पिशव्या घेऊन गेलो. गोठ्याच्या बाजूला बांबूचा माच बांधला, पिशव्या त्यावर चढवल्या. रोपाची आणि फांदीची साल बोटभर लांब, थोडं लाकूड घेऊन तासायची, जखमेला जखम भिडवायची, पट्टी आवळायची. सांगायला सोपं. वरून पाऊस, पायाखाली शेवाळलेला वासा आणि फांदीवर ओंबील. त्या तांबड्या मुंग्या चावल्या तरी हात हलवता येत नाही, कारण एका हातात चाकू आणि दुसऱ्यात सांधा.

पाचर कलमासाठी काड्या अकराच निघाल्या. सात पिशवीतल्या रोपांवर बांधल्या. उरलेल्या चार काकांच्या त्याच लाडक्या फुटव्यांवर, जागेवरच, पाचर मारून. त्यांना आयती मुळं होती, ती का सोडा? काकूंनी पेप्सीकोला भरायच्या लांबट पिशव्या आणून दिल्या, त्यांच्याच टोप्या घातल्या. काका तेव्हा कुठे पडवीतून उठून आले.

पाऊस गेल्यावर माचावरच्या पिशव्यांना रोज पाणी हवं. शहात्तराव्या वर्षी काका शिडी चढायचे आणि काकू खालून ओरडायच्या. नोव्हेंबरात फांदीला सांध्याखाली आधी अर्धा काप दिला, पंधरा दिवसांनी पूर्ण तोडलं. पाचपैकी चार भेट कलमं जगली. पिशवीतल्या सातांतलं एक. फुटव्यांवरच्या चारांतली दोन, आणि ती पुढच्या पावसात कमरेएवढी झाली. वैशाखापर्यंत वरची फांदी वाळून गेली होती.

कलमं केलेले फुटवे जोर धरायला लागले तसे बाकीचे मी छाटायला निघालो. काकांनी एकावर हात ठेवला. "हा राहू दे."

"काका, हा रायवळ आहे. उगाच खाणं खाईल."

"असू दे. माझ्या आजोबांच्या आधीपासून दुसऱ्याचे आंबे डोक्यावर घेऊन उभा आहे. त्याचा स्वतःचा कसा लागतो, बघू दे की एकदा."

मी चाकू मिटला. अजून मोहोर कुणालाच आलेला नाही, ना त्याला ना कलमांना.