ठेकेदाराचा रकाना आणि माझी छिन्नी

पुण्यातील आमच्या जुन्या इमारतीतल्या न्हाणीघराच्या भिंतीवरील फरशा मी स्वतःच्या हाताने उखडल्या आणि त्या कामाला जेमतेम पाच दिवस लागले. सोसायटीची परवानगी मिळायला मात्र सव्वीस दिवस लागले, हे मला अजूनही पचलेले नाही.

परवानगीच्या छापील अर्जात ‘ठेकेदाराचे नाव’ आणि ‘वापरावयाची यंत्रे’ असे दोन रकाने होते. पहिल्यात मी स्वतःचे नाव लिहिले आणि दुसऱ्यात ‘किलोचा हातोडा, दोन छिन्न्या, लहान पहार’ अशी प्रामाणिक नोंद केली. आठवड्याने अर्ज परत आला. हातोडा हे यंत्र नव्हे, असा शेरा होता. म्हणून दुसऱ्या अर्जात तो रकाना मोकळा सोडला, तर ‘अपूर्ण’ म्हणून तोही परत. कार्यालयातील गृहस्थ म्हणाले, “मॅडम, ठेकेदार नसेल तर अनामत कुणाच्या नावावर घ्यायची?” धनादेश माझा आहे, तेव्हा माझ्याच नावावर घ्या, असे सांगितल्यावर त्यांनी विषय समितीपुढे ठेवला आणि समितीची बैठक गणसंख्येअभावी तहकूब झाली. गंमत म्हणजे त्याच कार्यालयाच्या फलकावर, खालच्या घरांच्या छताला तडे जातात म्हणून ब्रेकर मशीन वापरण्यास सक्त मनाई असल्याची सूचना लावलेली होती. अखेर शेजारच्या निवृत्त कारकून काकांनी अर्ज पाहिला, चष्मा वर सरकवला आणि यंत्रांच्या रकान्यात एकच शब्द लिहायला सांगितला: ‘निरंक’, म्हणजे काहीही नाही. तिसऱ्या दिवशी सही झाली. तुमच्या अर्जात असा रकाना असेल, तर तो मोकळा सोडू नका.

प्रत्यक्ष काम त्यामानाने सुखाचे होते. हातोड्याच्या दांड्याने फरशीवर टकटक केली की पोकळ आवाज येणारी फरशी ओळखू येते. सुरुवात तिथूनच करावी. आधी सांध्यातील भरण हॅक्सॉच्या जुन्या पात्याने खरवडून काढावे, मग सपाट छिन्नी तिरपी धरून फरशीच्या मागे सरकवावी. उभी धरली, तर फरशीचे तुकडे उडतात आणि मागचा गिलावाही सुटतो. चार इंची भिंतीवर घण तर मुळीच चालवू नये, कारण पलीकडच्या खोलीतील गिलावाही ढासळू शकतो. संरक्षक चष्मा आणि मास्क लावूनच बसावे. छिन्नीचे डोके मारून मारून छत्रीसारखे पसरले असेल, तर त्याच्या कडा घासून घ्याव्यात. तिथून उडालेली कपची थेट डोळ्यात जाते.

राडारोडा पोत्यात अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये, हे मला पहिले पोते जिन्यात फाटल्यावर कळले. पाण्याचा हबका मारून मगच भरावा, म्हणजे धूळ कमी उडते. आणि हे खरे तर सगळ्यात आधी सांगायला हवे होते: काम सुरू करण्यापूर्वी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यात, कापडाचा बोळा घट्ट बसवावा. मी तो दुसऱ्या दिवशी बसवला, आणि आत गेलेली खडी हाताने उपसण्यात एक संध्याकाळ गेली.

अनामत अजून परत मिळालेली नाही. ती परत मागण्याच्या अर्जात ठेकेदाराच्या सहीचा रकाना आहे.