तुम्ही विचारलंत म्हणून: आधी मुलाने जाऊन घर लावावं का?

मी सुट्टीला सोलापूरला आले, की परदेशातल्या मुलाशी लेकीचं लग्न ठरलेली एखादी आई भेटतेच. "जावईबापूंनी आधी जाऊन सगळं लावून ठेवावं, महिन्याभराने हिने जावं, हेच बरं ना गं?" माझं उत्तर दर वेळी एकच: जमत असेल तर दोघांनी एकाच विमानाने जावं.

आम्ही तसेच गेलो. डिसेंबरात लग्न आणि जानेवारीच्या पहिल्या शनिवारी रात्री म्युनिक. नवऱ्याला ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, जायचं होतं, म्हणून व्हिसासाठी मला जर्मनची परीक्षा द्यावी लागली नव्हती. भाड्याचं घर त्याने फक्त व्हिडिओवर पाहिलेलं. दार उघडलं तर स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे दोन पाइप, बाकी काही नाही. ओटा, सिंक, शेगडी, काहीच नाही. जर्मनीत पुष्कळ घरं अशीच देतात. जुना भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून नेतो. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दुकानं बंद. आईने दिलेलं तूपही घरीच राहिलं होतं, कारण दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. बॅगेत कडक भाकरी होती, शेंगाचटणी होती. ती खाल्ली, न्हाणीघरातल्या नळाचं पाणी प्यालो आणि एक सोलापुरी चादर खाली, एक अंगावर घेऊन झोपलो.

सासरी त्या तीन आठवड्यांत मीठ कुठे आहे तेही मला विचारावं लागायचं. सासूबाई फार मायाळू आहेत, पण घर त्यांच्या हाताने लागलेलं. म्युनिकच्या घरात मीठच नव्हतं. सोमवारी आणलं आणि कुठे ठेवायचं ते आम्ही दोघांनी ठरवलं. आजही ते तिथेच असतं.

नवरा महिनाभर आधी गेला असता, तर मला सगळं माहीत असलेला माणूस भेटला असता. मला भेटला तो त्या पाइपांकडे बघत अर्धा तास गप्प बसलेला. हा घाबरला की बोलत नाही, हे मला पहिल्याच रात्री कळलं. त्याला माझं रडू कळलं ते भोगीच्या दिवशी. इकडे सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली, ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा, आणि मी तिथे पाचलाच अंधार पडणाऱ्या गावात. त्याने फोनवर सोहळा लावून दिला. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं... आम्ही दोघांनी मूठभर तांदूळ फोनवरच टाकले.

विजेची शेगडी आणली, पण तिच्यावर भाकरी फुगेना. आच कुठून आणणार? मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पीठ होतं दोनच किलो. तिसऱ्या दिवशी तव्यावरच फडक्याने कडा दाबून फुगवायची युक्ती त्याला सुचली. त्याने आयुष्यात भाकरी केली नव्हती.

आणि नावाची पाटी. आपल्याकडे पत्ता म्हणजे अमक्या बोळात, तमक्या देवळामागे, कुणालाही विचारा. तिथे बहुतेक इमारतींत घराला नंबर नसतो. पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल, तर पत्र परत जातं. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन सरकारी नोंद करावी लागते. पुढची कागदपत्रं टपालाने येतात. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव. म्हणून पेटीवर दोन आडनावांची चिठ्ठी चिकटवली. आधी माझं लिहिलं, कारण पेन माझ्या हातात होतं.

मुलगा तिकडे आधीपासूनच राहत असेल, तर त्याला एवढंच सांगा: फळ्या रिकाम्या ठेव, आणि पेटीवरची दोन नावांची चिठ्ठी ती आल्यावर दोघं मिळून लिहा.

फेब्रुवारीत माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं, टॅक्स नंबरचं. नवरा ते घेऊन जिना धावतच चढला. पाकीट त्याने फोडलं नव्हतं.