कोरियात सोलला गेलात तर ह्वांगी म्युझियम बघाच

ग्योंगबोकगुंग राजवाडा बघायला सगळेच जातात, आम्हीही गेलो, पण तिथल्याच मेट्रो स्टेशनबाहेरून डोंगराकडे सिटी बस जाते आणि थोड्या वेळात बुआम-दोंग येतं, चढ-उताराच्या गल्ल्या, लहान कॅफे, आणि एका उतारावर चित्रकार किम ह्वांगीचं म्युझियम. अख्खं फक्त त्याच्या एकट्यासाठी!

ह्वांगी (१९१३-१९७४) म्हणजे कोरियात अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे अमूर्त चित्रकला आणणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक. जन्म दक्षिणेकडच्या एका बेटावर, शिक्षण टोकियोत, मग काही वर्षं पॅरिस, आणि १९६३ च्या साओ पावलो बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनानंतर न्यूयॉर्क, ते शेवटपर्यंत. आधीच्या चित्रांत चंद्र, डोंगर, पक्षी, चिनी मातीचे पांढरे गोल मून जार दिसतात, ते हळूहळू विरत जातात आणि १९७० च्या सुमारास उरतात फक्त ठिपके.

हे ठिपके फोटोत कळत नाहीत हो, खरंच नाही कळत. पातळ केलेला ऑइल रंग साध्या सुती कॅनव्हासवर टेकवलाय, तो कापडात मुरतो, कडेने पसरतो, मग त्याभोवती चौकोन, मग शेजारी पुढचा, असे हजारो, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. लांबून नुसता निळा दिसतो, जवळ गेलं की प्रत्येक ठिपक्यापाशी हात थांबलेला जाणवतो. मी एकाच चित्रासमोर इतकी रेंगाळले की सोबतचे सगळे पुढे निघून गेले. नावंही किती साधी, ‘५-IV-७१ #२००’ म्हणजे तारीख आणि नंबर, आणि तेच चित्र २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात कोरियन कलाकृतींमध्ये रेकॉर्ड किमतीला गेलं.

पण मला सगळ्यात भिडली ती त्याची बायको किम ह्यांग-आन. स्वतः लेखिका, नवरा गेल्यावर १९७८ मध्ये तिने फाउंडेशन काढलं आणि १९९२ मध्ये हे म्युझियम उभं केलं, आर्किटेक्ट वू क्यू-सुंग. चित्रं इकडेतिकडे विखुरली असती तर त्याचा हा सगळा प्रवास असा एका जागी दिसलाच नसता, आणि याचं श्रेय तिचंच.

आपले चित्रकार वासुदेव गायतोंडेही १९६४ मध्ये फेलोशिपवर न्यूयॉर्कला होते, ह्वांगी तिथेच असताना. गायतोंड्यांसाठी अशी एक अख्खी इमारत हवी, मुंबईत हवी, असं तिथे फिरताना सारखं वाटत होतं.

सोमवारी बंद असतं. वेळ कमी असेल तर राजवाडा अर्धा सोडा, हे सोडू नका.